जुन्या छोट्या गाडीची पासिंग दर वेळी अडते? आधी मॅट उचलून बघा

पंधरा वर्षांवरची छोटी पेट्रोल गाडी गोव्यात सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, गाऱ्हाणं तेच असतं. पासिंगची तारीख जवळ आली की गाडी गॅरेजात, आठ-दहा हजारांचा चुराडा, गाडी कशीबशी पास, आणि पुढच्या खेपेला तीच यादी परत हातात. पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, कार्बन मोनॉक्साइड जास्त. हँडब्रेक धरत नाही. खालचा पत्रा खाल्लाय. हेडलाईट मंद.

आमच्या घरी २००५ ची आठशे सीसीची तीन सिलिंडरवाली गाडी आहे. बाबांनी निवृत्तीच्या वर्षी घेतली. घर चोडण बेटावर, नोकरी पणजीत, मध्ये मांडवी नदी. वीस वर्षं ही गाडी रोज फेरीबोटीत चढते आणि उतरते. या चार दुखण्यांवर मी चार वेगवेगळे मेस्त्री केले, चारही ठिकाणी वेगवेगळे पैसे दिले. दुखणं एकच होतं, हे कळायला दुसरी पासिंग यावी लागली. ते दुखणं म्हणजे पाणी. वरून पडणारं, खालून उडणारं, दारातून झिरपणारं, आणि हो, सायलेन्सरच्या आत तयार होणारंसुद्धा.

नियमांचं थोडक्यात, कारण यात लोक उगाच घाबरतात. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. मग फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केलं. आमची दुसरी पासिंग त्या वर्षी जूनमध्येच उरकली होती म्हणून वाचलो. पीयूसी वेगळं. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक, आकडा जितका मोठा तितकं कडक. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना पीयूसी दर सहा महिन्यांनी लागतं, बीएस-४ आणि पुढच्यांना वर्षाने. म्हणजे जुन्या गाडीची खरी परीक्षा पाच वर्षांनी नाही, वर्षातून दोनदा असते, आणि ती नीट वाचली तर पासिंगचा निकाल आधीच कळतो.

आता पहिली पासिंग. मुदत संपत होती २०२० च्या जूनमध्ये. कोविडमुळे केंद्राने कागदपत्रांची मुदत वाढवत नेली, म्हणून गाडी प्रत्यक्ष दाखवायला नेली ती पाऊस संपल्यावर. याहून वाईट वेळ नाही. लॉकडाऊनमध्ये गाडी आंब्याखाली उभी, हँडब्रेक ओढलेला, वर अख्खा पावसाळा. निरीक्षकांनी बॉनेट उघडून चेसिस नंबर बघितला, दिवे, हॉर्न, वायपर बघितले, मग खाली वाकून दाराखालच्या पट्टीवर बोटांनी ठोकलं. टण् यायच्या जागी भद् आलं. "हांगा पळयात," इथे बघा, म्हणाले, आणि अंगठा दाबला. अंगठा आत गेला. बाबा तिथून बाजूला झाले, त्यांना ते बघवेना.

तर सुरुवात तिथून करा. गाडीतले मॅट उचला. नुसते वरचे रबरी नाहीत, त्याखालचा कार्पेट आणि कार्पेटखालचा जाड नमदाही वर करा. हा नमदा स्पंजसारखा पाणी धरतो, वरचा रबरी मॅट त्यावर झाकण घालतो, आणि पत्रा खाली महिनोन्महिने ओला राहतो. बाहेरून गाडी चकचकीत दिसते आणि फ्लोअर आतून बाहेर कुजत जातो. आमच्या गाडीला खालून दोनदा काळं कोटिंग मारून घेतलं होतं. त्याचा उपयोग उलटा झाला: गंज कोटिंगखाली झाकला गेला आणि ओल आतच अडकली. गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग मारणं म्हणजे जखमेवर ओली पट्टी बांधून ठेवणं.

ओल सापडली की पत्र्याच्या मागे लागू नका, पाणी कुठून येतं ते आधी शोधा. नाहीतर वेल्डिंग करून दोन वर्षांत पुन्हा तिथेच. मी केलेली युक्ती साधी आहे: नमदा काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवला, कोऱ्या फ्लोअरवर वर्तमानपत्राचे कागद अंथरले, चारही कोपऱ्यांत वेगवेगळे. मग बायकोला आत बसवून बाहेरून पाईपने पाणी मारलं, एका वेळी एकच जागा, दहा-दहा मिनिटं. कागद कुठे भिजतो ते आतला माणूस सांगतो. पाण्याची जातही बघा. नितळ आणि फक्त एसी लावल्यावर येत असेल, तेही डाव्या बाजूला, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी तुंबली आहे. लालसर, कुजक्या पानांचा वास असेल तर ते पावसाचं. बोटाला बुळबुळीत आणि वासाला गोडसर लागलं तर ते कूलंट आहे, हीटरची नळी किंवा त्याचा छोटा रेडिएटर गळतोय.

आमच्याकडे दोन वाटा निघाल्या. एक, पुढच्या काचेखाली वायपरच्या मुळाशी जी खोबण असते तिथे आंब्याची पानं आणि मोहोर सडून काळा चिखल झाला होता. पाणी निघायची भोकं बंद, म्हणून ते आत उतरत होतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने ही खोबण मृगाआधी हाताने साफ करावी. दुसरी वाट मात्र बघून राग आला. काही वर्षांपूर्वी डाव्या दाराची काच वरखाली होईना म्हणून एका गॅरेजात दुरुस्त केली होती. दाराच्या आतल्या पॅनलमागे एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी तो आत येऊ देत नाही, दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर घालवतो. दुरुस्ती करणाऱ्याने तो फाडून काढला आणि परत लावलाच नाही. कुणाला कळणार? चार पावसाळे त्या दाराने पाणी थेट पायाशी सोडलं.

प्लास्टिक नवीन लावायला दोनशे रुपयेही लागले नाहीत. फ्लोअरला लागले अकरा हजार.

दाराच्या तळाची भोकं खराट्याच्या हिराने मोकळी होतात. तारेने करू नका, रंग खरवडतो आणि तिथून नवा गंज सुरू होतो. दाराखालच्या पट्टीलाही अशी भोकं असतात, ती टिंकरकामात हमखास बुजतात. वेल्डिंग करून घेताना कामगाराच्या शेजारी उभं राहून तीन गोष्टी बघा: बॅटरीची वायर काढली का, कुजलेला भाग ठणठणीत पत्रा लागेपर्यंत कापला का, आणि जुनी भोकं नव्या पत्र्यात पाडली का. फायबर आणि पुट्टीने भरलेला फ्लोअर निरीक्षकाच्या ठोकण्यात लगेच सापडतो, आणि नाही सापडला तरी तिथे सीटचे बोल्ट आणि सीटबेल्टचे हुक अडकवलेले असतात, हे लक्षात ठेवा.

खालून येणारं पाणी हा चोडणवाल्यांचा खास प्रश्न, पण बेतीपासून मोरजीपर्यंत नदी-समुद्राकाठी राहणाऱ्या सगळ्यांना थोडाफार लागू. भरतीच्या वेळी फेरीच्या उतरंडीवर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, ते पाणी चाकाच्या कमानीत उडतं, आतल्या दुमडीत साचलेल्या मातीत मुरतं. माती खार धरून ठेवते. पलीकडे रायबंदरच्या कॉजवेवर दोन्ही बाजूंना खारंच पाणी आणि वारा. आता मी आठवड्यातून एकदा विहिरीच्या पंपाचा पाईप घेऊन कमानीच्या आतली दुमड धुतो. वरून गाडी नाही धुतली तरी चालेल, शेजारी हसतात, हसू देत.

पीयूसी. इथे मी सर्वांत जास्त भटकलो.

आमच्या वयाच्या गाडीला, म्हणजे बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल कारला, आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम (दहा लाखांत ७५० भाग). त्याआधीच्या जुन्या गाड्यांना ३ टक्के आणि १,५०० पीपीएम, तर बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. कागदावर हे दोन आकडे वेगळे छापलेले असतात, ते वाचा. नुसतं पास-नापास बघून खिशात घालू नका. हायड्रोकार्बन वाढलं तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: प्लग, प्लगच्या वायरी, झिजलेले व्हॉल्व्ह, नाहीतर ऑईल जळतंय. कार्बन मोनॉक्साइड वाढलं आणि दुसरा आकडा ठीक असेल, तर पेट्रोल जळतंय पण हवेच्या मानाने जास्त सुटतंय. या दोन्हींवर एकच औषध, 'इंजिन ट्यूनिंग', म्हणून पैसे घेणाऱ्याला ते कशाचं करणार आहे ते विचारा.

आमचा कार्बन मोनॉक्साइड १.८ यायचा. एअर फिल्टर बदलला, १.७. प्लग बदलले, काही नाही. ऑक्सिजन सेन्सर बदलायचा म्हणून एकाने तीन हजार सांगितले. बदलला. १.६. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असं दुसऱ्याने सांगितलं, आणि तिसऱ्याने हळूच, "गाडी आणूच नका, नंबर सांगा, कागद मिळेल" असं. तसला कागद घेऊ नका. खोटेपणाचं सोडा, गाडी जास्त पेट्रोल का पिते ते त्या कागदाने कळत नाही.

शेवटी उत्तर मिळालं ते डॅशबोर्डवर. म्हापशातला एक वयस्क मेस्त्री शेजारी बसून दोन किलोमीटर आला आणि काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गाडी तापतच नाही तुमची." तापमानाचा काटा थंडच्या खुणेवरून जेमतेम वर. मला ते इतकी वर्षं चांगलं लक्षण वाटत होतं! त्याने होज काढून दाखवलं: आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी गाडी गरम झाली तेव्हा कुणीतरी रेडिएटर साफ करण्याऐवजी "काडून उडयला," म्हणजे काढून टाकला. आपल्याकडे हा इलाज इतका रुळलेला आहे की काही जण त्याला सुधारणा समजतात.

काय होतं ते समजून घ्या. थर्मोस्टॅट ही एक झडप. इंजिन साधारण ऐंशी अंशांच्या वर जाईपर्यंत ती कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली तर छोटं इंजिन, त्यात रोज घरापासून धक्क्यापर्यंतचं चिमूटभर अंतर, मग फेरीत इंजिन बंद, मग पुन्हा थोडं. ते कधी नीट तापतच नाही. तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, अजून थंड आहे. कॉम्प्युटर थंड इंजिनला द्यायचं तसं जास्त पेट्रोल देत राहतो. कन्व्हर्टरलाही काम सुरू करायला दोन-अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते, ती मिळत नाही. आणि पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते आणि त्याला आतून खाते. आमचा मागचा सायलेन्सर दर तीन वर्षांनी भोक पडून जायचा. मी खाऱ्या पाण्याला शिव्या देत होतो. बाहेरून खात होतं ते खारं, पण भोक आतून पडत होतं.

थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि नवीन कूलंट मिळून हजाराच्या आत काम झालं. पाण्याऐवजी कूलंटच घाला, नुसतं विहिरीचं पाणी झडप जाम करतं. रेडिएटर साफ करा, पंखा वेळेवर लागतो का बघा, नाहीतर गाडी खरंच तापेल आणि तुम्ही पुन्हा थर्मोस्टॅट काढायला निघाल. पुढचा आकडा आला ०.२. लिटरमागे तेरावर आलेली गाडी पुन्हा सोळा-सतरा देऊ लागली. पीयूसीला जाताना गाडी वीस मिनिटं सलग चालवून न्या आणि रांगेत इंजिन बंद करू नका. सायलेन्सरच्या सांध्यात गळती असेल तर आधी ती बुजवा. त्यातून बाहेरची हवा मिसळली की आकडा चुकतो, आणि बीएस-४ च्या गाड्यांत लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, मोजतात तिथे तर सरळ नापास.

हँडब्रेकचं मूळही तेच, पाणी. केबलच्या बाहेरच्या नळीत पाणी शिरतं, आतली तार गंजून जाड होते. लिव्हर ओढलं तर ओढत नाही, ओढलं गेलं तर सुटत नाही. निरीक्षक गाडी उतारावर उभी करायला लावतात किंवा हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये हळू पुढे घ्यायला सांगतात. आमची गाडी गुपचूप पुढे गेली, अगदी आज्ञाधारक.

यावर गॅरेजातला झटपट उपाय म्हणजे लिव्हरखालचा नट आवळणे. दोन टिकटिकीत हँडब्रेक कडक होतो, गाडी त्या दिवशी पास होते, आणि पुढचे सहा महिने मागचे ब्रेक शू ड्रमला घासत राहतात. ओळखायचं असेल तर कमी ब्रेक मारत आठ-दहा किलोमीटर चालवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एक चाक जास्त गरम असेल तर तेच. योग्य क्रम उलटा आहे: ड्रम उघडा, शू आणि ॲडजस्टर साफ करा, व्हील सिलिंडर गळतोय का बघा, शूमधलं अंतर नीट करा, केबल अडकत असेल तर तेल न सोडता बदला, आणि सगळ्यात शेवटी नट. चार ते सात टिकटिकीत धरला की पुरे. आणि पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. लॉकडाऊननंतर आमचे शू ड्रमला असे चिकटले होते की हातोडा घ्यावा लागला.

हेडलाईटबद्दल फार लिहीत नाही. टूथपेस्टने पिवळी काच उजळते, पण आतल्या रिफ्लेक्टरचा चांदीवर्ख ओलीने गेला असेल तर काच कितीही घासा, प्रकाश येणार नाही. दिवाच बदलावा लागतो. त्याआधी बल्बच्या टोकाला आणि बॅटरीला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर बहुतेक वेळा अर्थिंगची वायर गंजलेली असते. ती घासून पुन्हा आवळली की फुकटात उजेड. १०० वॉटचे बल्ब मात्र घालू नका. होल्डर वितळतो.

टायर: खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की नापास. कमी चालणाऱ्या गाडीत खाचा भरपूर असतात पण रबर चिरतं. बाजूवरचे चार आकडे बघा, ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. काचेवरची काळी फिल्म काढून टाका, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली आहे. चेसिस नंबर गंजून पुसट होऊ लागला असेल तर आजच हलक्या हाताने साफ करून ग्रीस लावा. बाकी सगळं दुरुस्त होतं, पण नंबर वाचता आला नाही तर गाडी कोणती हेच सिद्ध करत बसावं लागतं.

वेळेचं मात्र सांगतो, कारण २०२५ मध्ये त्यानेच मला वाचवलं. मुदत जून-जुलैत संपत असेल तर ६० दिवसांची सवलत वापरून मे महिन्यात गाडी दाखवा. वाळलेली गाडी आणि पावसात मुरलेली गाडी यांत फार फरक. आणि खरी दुरुस्ती त्याच्याही आधी, दिवाळीनंतर, जेव्हा पावसाने काय केलं ते ताजं दिसतं आणि वाळवायला ऊन असतं. दुसऱ्या खेपेला आमच्या गाडीला एकच शेरा मिळाला, मागच्या एका इंडिकेटरचा, आणि तो तिथेच बल्ब बदलून मिटला.

गाडी सोडून कधी द्यायची, हा प्रश्न येणारच. माझा हिशेब असा: फ्लोअर, दाराखालची पट्टी, सायलेन्सर, ब्रेक हे सगळं बदलण्यासारखं आहे. पण पुढचा सस्पेन्शनचा खांब वर जिथे बसतो तो पत्रा किंवा खालचा आर्म जिथे जोडलेला आहे तो भाग गंजाने सुटायला लागला असेल, तर वेल्डिंगवर विश्वास ठेवून घरच्यांना त्यात बसवू नये. मान्यताप्राप्त केंद्रात मोडीत काढली तर मिळणाऱ्या दाखल्यावर नव्या गाडीच्या रस्ता करात सवलत मिळू शकते. आमचे ते भाग मी दर वर्षी टॉर्च घेऊन बघतो. अजून ठणठणीत आहेत.

या चवथीआधी चार दिवस सलग पाऊस लागला तेव्हा पुन्हा कागद अंथरले होते. तीन कोपरे कोरडे निघाले. उजवीकडचा मागचा मात्र ओला, आणि त्या बाजूच्या दाराचं प्लास्टिक तर शाबूत आहे. मागच्या काचेच्या रबरावर संशय आहे. ऊन पडलं की पाईप घेऊन बसणार.